गारपिटीनंतरची उघडीप आणि रब्बी कांदा

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास वळवाच्या सरीबरोबर गारा पडणे ही पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांस नवी गोष्ट नव्हे. दुपारपर्यंत कडक ऊन असते, तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडे काळे ढग चढतात, वावटळ उठते, आणि पंधरा-वीस मिनिटांत शिवार पांढरे होऊन जाते. वर्तमानपत्रांस अशा वेळी काश्मीरची उपमा सुचते. ज्याचे पीक उभे असते त्यास मात्र दुसरेच काही दिसत असते. दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होते, हवा सौम्य व कोरडी होते, आणि ही उघडीप पुष्कळदा आठ-दहा दिवस टिकते. गारा थांबविणे कोणाच्या हाती नाही. परंतु त्यानंतरचे हे कोरडे दिवस शेतकऱ्याच्या हाती असतात, आणि कांद्याच्या पिकात अखेरचे नुकसान किती होणार हे बहुतांशी याच दिवसांत ठरते.

चाकण व पिंपरी-चिंचवड हा पट्टा आज कारखान्यांसाठी ओळखला जातो. तथापि भीमा, भामा व इंद्रायणी या नद्यांच्या काठच्या काळूस, भोसे, शेलपिंपळगाव यांसारख्या गावांत रब्बी कांदा हे अद्यापही रोख पैसा देणारे पीक आहे, आणि चाकणचा बाजार कांदा-बटाट्याकरिता जुना व नावाजलेला आहे. देशातील एकूण कांद्यापैकी मोठा हिस्सा रब्बी हंगामात निघतो व तोच चाळीत साठवून पावसाळाभर पुरविला जातो. म्हणून मार्चमधील गारेचा घाव केवळ उत्पन्नावर बसतो असे नाही. तो जुलै-ऑगस्टमध्ये चाळीतही उमटतो.

गारा याच दिवसांत का पडतात

उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा वर चढू लागते. समुद्राकडून आलेले बाष्प तिच्यात मिसळलेले असते. त्याच वेळी वरच्या थरांतून पश्चिमेकडून थंड हवेचा पट्टा सरकत आला, तर खाली उष्ण व वर थंड अशी अस्थिर स्थिती निर्माण होऊन गडगडाटी ढग फार उंच वाढतात. या ऋतूत आपल्याकडे सुमारे चार-पाच किलोमीटर उंचीवर पाणी गोठण्याइतकी थंडी असते. ढगातील जोरदार ऊर्ध्वगामी प्रवाह जलबिंदूंस त्या रेषेच्या वर नेतो, तेथे ते गोठतात, त्यांवर बर्फाचे थर चढत जातात, आणि वजन प्रवाहास पेलेनासे झाले की ते खाली कोसळतात. पुढे उन्हाळा वाढला की गोठणरेषा अधिक उंच जाते व बऱ्याचशा गारा वाटेतच वितळतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ अधिक धोक्याचा असण्याचे हे एक कारण आहे.

वरच्या थरातील तो थंड पट्टा पूर्वेकडे सरकून गेला की मागून उत्तर-वायव्येकडील कोरडे वारे येतात. वादळामागोमाग येणारी उघडीप ही अशी त्याच वादळाच्या रचनेचा भाग असते. मात्र तिची खात्री धरून चालत नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारांचे तडाखे एकामागून एक बसत राहिले, राज्यातील २८ जिल्ह्यांस त्यांची झळ पोचली, आणि अनेक ठिकाणी पिकास सावरण्यास मधे कोरडा अवधीच मिळाला नाही. बारामतीजवळील माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्याच वर्षी गारपिटीची कारणे, हानी व त्यानंतरची पीकव्यवस्था यांवर स्वतंत्र पुस्तिका काढली. उघडीप मिळाली असता ती वाया घालविणे किती महाग पडते, हे त्या वर्षाच्या अनुभवावरून ध्यानी यावे.

गारा पडत असताना शेतात धाव घेणे मात्र सर्वथा टाळावे. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद भागात गारांच्या माऱ्याने २४६ माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. विजेचा धोका तर आपल्याकडे दरवर्षीचाच आहे.

कांद्याच्या पातीचे महत्त्व

कांदा म्हणून जो भाग आपण खातो तो वस्तुतः पानांच्या बुडख्यांचा फुगलेला समूह होय. प्रत्येक पातीचा खालचा भाग कांद्याचा एकेक पापुद्रा बनतो, व हिरव्या पातीने उन्हात तयार केलेले अन्न खाली उतरून तो पापुद्रा पोसतो. सबब पात तुटली म्हणजे त्या पापुद्र्याचा पुरवठा तुटला. असे असले तरी सर्व अवस्थांत हे नुकसान सारखे नसते.

पुनर्लागवडीस दीड-दोन महिने झालेले पीक नवी पात फेकू शकते. मधला कोंब शाबूत असेल तर बाहेरची दोन-तीन पाती मोडूनही ते बऱ्यापैकी सावरते. दोन ते तीन महिन्यांचे, ऐन पोसण्यातले पीक सर्वांत अधिक मार खाते. नवी पात येण्याचा काळ सरलेला असतो आणि आहे त्या पातीवरच कांद्याचे वजन अवलंबून असते. साडेतीन महिन्यांच्या पुढे गेलेल्या व माना पडू लागलेल्या पिकाचे वजन फारसे घटत नाही. मात्र गार थेट उघड्या कांद्यावर बसली तर आतील पापुद्रा ठेचला जातो, वरून साल धड दिसते, आणि असा कांदा चाळीत प्रथम सडतो.

म्हणून शेताच्या बांधावर उभे राहून, मोडलेली पात पाहून निर्णय करू नये. पहिल्या दिवशी सर्वच शेत गेल्यासारखे दिसते. वापसा आल्यावर शेतात पाच निरनिराळ्या ठिकाणी प्रत्येकी वीस-वीस रोपे पाहावीत. किती रोपांचा मधला कोंब शाबूत आहे, प्रत्येकी किती पाती अर्ध्याहून अधिक हिरव्या आहेत आणि किती कांदे ठेचले गेले आहेत, हे मोजून वहीत टिपावे. चार-पाच दिवसांनी पुन्हा त्याच ठिकाणी मोजावे. दोन्ही मोजण्यांची तुलना केली असता पीक ठेवावे की काढावे याचा उलगडा बहुधा होतो. पहिल्याच संध्याकाळी घाबरून कोवळा कांदा उपटणाऱ्यास बाजारात भाव मिळत नाही, आणि तो कांदा टिकतही नाही.

पहिले दोन दिवस

प्रथम काम पाण्याचे. कांद्याची मुळे बहुतांशी वरच्या अर्ध्या फुटाच्या थरातच असतात; सपाट वाफ्यात गारांचे पाणी साचून राहिले की त्यांस हवा मिळत नाही व मुळे कुजू लागतात. वाफ्यांचे खालचे टोक फोडून पाणी चरात उतरवावे. औद्योगिक पट्ट्यालगतच्या शेतांत याकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. रस्ते, कुंपणे व भराव यांमुळे जेथे जुना ओघळ बुजला असेल तेथे पाणी पूर्वीच्या वाटेने जाणार नाही. पावसाळ्याआधी सोडाच, फेब्रुवारीपूर्वीच शेताच्या उताराची पाहणी करून पर्यायी चर काढून ठेवणे श्रेयस्कर. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने रुंद गादीवाफ्यांची पद्धत सुचविली आहे. सुमारे १२० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच गादी आणि मधे ४५ सेंटिमीटरची सरी अशी तिची रचना असते. ठिबक वा तुषार सिंचनासाठी ती सोयीची आहेच. शिवाय अशा अवकाळी पाण्याचा निचरा तीत आपोआप होतो.

मोडून लोंबणारी व चिखलात लोळणारी पात हलक्या हाताने गोळा करून शेताबाहेर न्यावी व पुरून टाकावी. ओल्या शेतात मात्र पाय घालू नये. वापसा येईपर्यंत थांबावे. ओल्यात चालल्याने जमीन दबते व शाबूत रोपेही तुडविली जातात.

सौम्य हवेतील धोका

यापुढील काळ फसवा असतो. ऊन कोवळे, वारा कोरडा, पात पुन्हा उभी राहू लागलेली. शेतकऱ्यास वाटते, संकट टळले. चाकण परिसरात घरटी एखादा माणूस कारखान्यात कामास जातो, त्यामुळे शेताची पाहणी साप्ताहिक सुटीवर ढकलली जाते. नेमक्या त्याच पाच-सात दिवसांत करपा पातीत शिरतो.

कांद्याच्या पातीवर मेणासारखा पातळ थर असतो. तो पाणी टिकू देत नाही व बुरशीस सहज आत शिरू देत नाही. गारेच्या माऱ्याने हा थर जागोजागी खरवडला जातो. मार्च महिन्यात पुण्याच्या परिसरात दुपारचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असले तरी पहाटे ते १५ अंशांपर्यंत उतरते, आणि वादळाने ओली झालेली जमीन व निरभ्र रात्र यांमुळे पहिले काही दिवस नदीकाठच्या शेतांत भरपूर दहिवर पडते. दिवसा कोरडी हवा, पहाटे ओली पात, आणि पातीवर ताज्या जखमा, असा तिहेरी योग जुळून येतो. जांभळ्या करप्यास २१ ते ३० अंश तापमान व दमट हवा मानवते. प्रथम बारीक, खोलगट, पांढुरके ठिपके दिसतात. पुढे त्यांचा मध्य जांभळट होतो, भोवती पिवळी कडा उमटते, व त्या जागी पात मोडून पडते. तपकिरी करप्याचे लांबट पिवळसर चट्टे बहुधा पातीच्या एकाच बाजूस दिसतात. ठिपके दिसू लागल्यावर फवारणीस धावणे म्हणजे निम्मे काम हातचे घालविणे होय.

सबब वापसा येताच, ठिपक्यांची वाट न पाहता, पहिली फवारणी करावी. त्यासाठी १० लिटर पाण्यात मँकोझेब २५ ग्रॅम घ्यावे व त्यात चिकट द्रव्य अवश्य मिसळावे. कांद्याच्या गुळगुळीत पातीवर त्यावाचून औषध ठरत नाही. दहा-बारा दिवसांनी रोगाचा जोर पाहून दुसरी फवारणी ट्रायसायक्लॅझोल १० ग्रॅम किंवा हेक्झाकोनॅझोल १० मिलिलिटर, प्रत्येकी १० लिटर पाण्यात, याप्रमाणे करावी. एकच औषध पुन्हा पुन्हा वापरू नये. काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावयाची, हे डब्यावरील लेबलावर छापलेले असते. ते वाचून पाळावे. फवारणी सकाळी दहिवर वाळल्यावर किंवा सायंकाळी करावी.

उघडीप लांबली की करप्याचा जोर ओसरतो, परंतु दुसरा शत्रू पुढे येतो, तो म्हणजे फुलकिडे. गारा व पाऊस यांनी ते बरेचसे धुऊन जातात, म्हणून पहिल्या आठवड्यात पात स्वच्छ दिसते. पुढे कोरड्या, उबदार हवेत त्यांची संख्या झपाट्याने वाढते. ते पातीच्या बेचक्यात दडून रस शोषतात, पातीवर चंदेरी ठिपके पडतात व पात वाकडी होते. त्यांनी केलेल्या ओरखड्यांतून करप्याचा पुन्हा शिरकाव होतो. मधली पात फाकवून पाहावे. एका रोपावर सरासरी ३० फुलकिडे आढळल्यास शिफारस केलेल्या कीटकनाशकाची फवारणी करावी. त्याहून कमी असता तिची आवश्यकता नाही.

खत व पाणी

गारेने मार खाल्लेल्या पिकास युरिया देऊन वर काढावे, अशी पुष्कळांची समजूत आहे. पुनर्लागवडीस साठ दिवस झाल्यानंतर नत्र देणे हे कांद्याच्या बाबतीत उपकारक नसून अपायकारक आहे. पात काही दिवस हिरवीगार दिसते खरी. परंतु माना जाड राहतात, कांदा वेळेवर पक्व होत नाही, आणि जाड मानेचा कांदा चाळीत टिकत नाही. साठ दिवसांच्या आतील पिकावर १९:१९:१९ या विद्राव्य खताची, एक लिटर पाण्यास पाच ग्रॅम या प्रमाणात, एक फवारणी करण्यास हरकत नाही. त्यापुढील पिकास रोगापासून वाचविलेली जुनी पात हेच खत समजावे.

पाण्याविषयीही असाच संयम हवा. वादळानंतर वरचा थर लवकर वाळून भेगाळतो, काळ्या जमिनीत पापुद्रा धरतो, आणि शेतकरी पाण्याची पाळी देतो. खाली मात्र पुरेशी ओल असते. चार बोटे खोल माती उकरून, मुठीत दाबून पाहावी. लाडू वळत असेल तर पाणी देऊ नये. पापुद्रा फोडण्यासाठी वरवर खुरपणी करावी. खोल खुरपे घातल्यास उथळ मुळे तुटतात. पाणी द्यावयाचे झाल्यास हलके द्यावे व काढणीपूर्वी दहा ते पंधरा दिवस पूर्ण तोडावे.

काढणीस आलेला कांदा

ज्या शेतात निम्म्या माना पडलेल्या आहेत, तेथे ही उघडीप म्हणजे पर्वणीच होय. चार-पाच दिवस जमीन सुकू द्यावी, आणि नंतर कोरड्या दिवशी काढणी करावी. ओल्या जमिनीतून काढलेल्या कांद्यास माती चिकटते व सालीचा रंग उतरतो. काढलेला कांदा शेतात तीन दिवस असा पसरावा की पुढील ओळीच्या पातीने मागील ओळीचे कांदे झाकले जातील. नंतर दोन ते अडीच सेंटिमीटर मान राखून पात कापावी, व सावलीत, वारा खेळेल अशा जागी, दहा ते पंधरा दिवस पातळ थरात सुकवावा. या सुकविण्याने मान बंद होते, बाहेरील साल कडक होते व लहानसहान खरचटलेल्या जागा भरून येतात. गार लागलेल्या पिकाच्या बाबतीत एरवीपेक्षा या कामास अधिक दिवस द्यावेत. मजुरी वाचविण्यासाठी शेतातूनच थेट चाळीत भरणे हे फार महाग पडते.

निवडणी कडक करावी. ठेचलेले, जाड मानेचे, जोडकांदे व डेंगळे आलेले असे सर्व वेगळे काढून लगेच विकावेत. ठेचलेला कांदा ओळखण्याची साधी खूण अशी की, अंगठ्याने दाबले असता ठराविक जागा दबते व वास येतो. असा एक कांदा भोवतीच्या दहांस ओला करतो, व त्या ओलीवर काळी बुरशी चढते. निवडीअंती निम्माच माल चाळीत जाण्याजोगा उरला तरी निम्माच भरावा. हवेशीर चाळीत २५ ते ३० अंश तापमान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता असता तो टिकतो; गारेच्या वर्षी मात्र महिन्यातून एकदा चाळ हलवून सडका माल काढणे आवश्यक होय.

नुकसानीची नोंद

पात गोळा करण्यापूर्वी, पहिल्याच दिवशी, शेताची छायाचित्रे घ्यावीत. गट क्रमांक, पेरणी वा लागवडीची तारीख आणि पीक-पाहणीची नोंद हाताशी ठेवावी. महसूल, ग्रामपंचायत व कृषी या खात्यांचे गावपातळीवरील कर्मचारी पंचनामा करतात. आपत्ती निवारणाच्या निकषांत २०१५ पासून ३३ टक्के वा अधिक पीकहानी मदतीस पात्र धरण्यात आली. त्यापूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. पाच ठिकाणच्या मोजणीची वही अशा वेळी उपयोगी पडते. पीक विम्याच्या बाबतीत, २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट होती. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून योजनेची रचना बदलली. म्हणून ज्या हंगामाचा विमा उतरविला असेल त्याच हंगामाची अधिसूचना पाहून अटींची खात्री करावी. शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये.

भारतीय हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो, आणि गडगडाटी वादळाची तातडीची सूचना काही तास आधी मिळते. तेवढ्या अवधीत उभे पीक हलविता येत नाही. परंतु काढून पसरलेला कांदा ताडपत्रीखाली नेणे, जनावरे गोठ्यात बांधणे व फवारणी पुढे ढकलणे एवढे निश्चित करता येते.

गहू, हरभरा व ज्वारी कापणीस आली असता उघडिपीच्या पहिल्या कोरड्या दिवसांत कापून, पेंढ्या उभ्या करून वाळवाव्यात. लोळलेली ज्वारी जमिनीवर राहिल्यास दाणा काळा पडतो.

बियाण्याचा प्लॉट

कांदा बीजोत्पादनाचे पीक या सर्वांहून नाजूक. मार्चमध्ये गोंडे फुललेले असतात आणि पोकळ दांडा एका गारेने मोडतो. मोडलेला दांडा पुन्हा उभा राहत नाही. ते गोंडे काढून टाकावेत. शाबूत गोंड्यांस मात्र सौम्य, कोरडी हवा फार मानवते, कारण वादळात गेलेल्या मधमाश्या दोन-तीन दिवसांत परततात व परागीभवन पुन्हा सुरू होते. त्या काळात फुलांवर कीटकनाशक फवारणे म्हणजे उरलेले बीही गमावणे. करप्यासाठी बुरशीनाशकाची फवारणी करावयाची झाल्यास ती मधमाश्या घरी गेल्यावर, सायंकाळीच करावी.

बहुतेक दांडे मोडले असतील तर पुढील हंगामाच्या बियाण्याची तजवीज आताच करणे अगत्याचे आहे. कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती सामान्य साठवणीत जेमतेम वर्षभर टिकते, म्हणून घरात उरलेल्या जुन्या बियाण्यावर भिस्त ठेवता येत नाही. गारपिटीच्या वर्षी अनेकांचे प्लॉट एकदमच जात असल्यामुळे ऑक्टोबरात, रोपवाटिका टाकण्याच्या वेळी, बियाण्याची टंचाई पडते व बाजारात खात्री नसलेले बी फिरू लागते. भीमा शक्ती, भीमा किरण यांसारख्या रब्बीसाठी शिफारस केलेल्या वाणांची मागणी उन्हाळा संपण्यापूर्वीच नोंदवावी, आणि मिळालेले बी पेरण्यापूर्वी त्यातील शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवण तपासून घ्यावी.